ईव्हीचा एसी तासांच्या हिशोबाने वीज खातो, किलोमीटरच्या नाही

एकांनी लिहिलंय की ईव्हीत (इलेक्ट्रिक गाडीत) एसी लावला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, अर्धी होते म्हणून ते मे महिन्यातही काचा उघड्या ठेवून जातात. अहो असं नका करू, मागे लहान मुलं, म्हातारी माणसं बसलेली असतात. हिशोब बघा ना, उन्हात तापलेली गाडी गार करताना कॉम्प्रेसर सुरुवातीला ३-४ किलोवॅट खेचू शकतो पण एकदा केबिन गार झाली की साधारण १ किलोवॅटच्या आसपास येतो, म्हणजे तासाला एक युनिट, आणि एका युनिटात छोटी ईव्ही ६-७ किमी जाते. ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या आधी तासभर अडकलात तरी गेलं ते एवढंच. फक्त गाडी हलत नसते त्यामुळे दर किलोमीटरला लागलेल्या विजेचा आकडा भयंकर दिसतो आणि माणूस घाबरतो.

मी कासारवडवलीहून ऐरोलीला जातो, निघायच्या दहा मिनिटं आधी चार्जर लावलेला असतानाच अ‍ॅपवरून एसी सुरू करतो, तो पहिला मोठा लोड बराचसा घरच्या विजेवरच निघून जातो. संध्याकाळी उघड्या पार्किंगमधून निघताना आधी दोन मिनिटं काचा खाली, गरम हवा बाहेर, मग रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) आणि एसी २५ डिग्रीवर.

हीट पंपवाली (बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचून कमी विजेत केबिन गरम करणारी) गाडीच घ्या असंही कुणीतरी म्हटलंय, पण त्याचा खरा फायदा थंडीत केबिन गरम करताना, ठाण्यात हीटर लागतो कुणाला? पावसाळ्यात काच आतून धूसर झाली तर मात्र एसी चालूच ठेवा, तो दमटपणा काढतो, तिथे युनिट वाचवायला अजिबात जाऊ नका.