गाडी रिव्हर्स घेताना लहान मुलांचं काय करता?

नवखा_बाबा: मुलगा दीड वर्षाचा, नुकताच पळायला लागलाय, आणि आमचं दार उघडलं की समोरच गाडी लावायची जागा. परवा निघताना गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि बायको एवढ्या जोरात ओरडली की ब्रेकवर उभाच राहिलो. पठ्ठ्या टाटा करायला थेट गाडीच्या मागे! मला वाटलं तो तिच्याकडे आहे, तिला वाटलं आजीकडे. काही झालं नाही पण अजून धडधडतंय. सेन्सर वाजले नाहीत की मीच ऐकलं नाही, काय माहीत. कॅमेरा बसवला तर भागेल का?

जुनी_गिअरवाली: बसवाच, पण भागणार नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या कारना कॅमेरा सक्तीचा आहे, त्यात मागची १० बाय २० फुटांची जागा दिसावी लागते. पण पोरगं बाजूने पळत आलं तर ते स्क्रीनवर येईपर्यंत उशीर झालेला असतो, शिवाय लेन्सवर चिखल, पाणी, ऊन. सेन्सर मुळात भिंत, खांब कळावा म्हणून असतात, बारकं हलणारं पोर त्यातून सुटू शकतं. आणि हळूच घेतो ना, असं म्हणू नका हं. ताशी ५ किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड मीटर, तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी दोन मीटर मागे.

दोन_पोरांची_आई: दादा, खरा घोळ "कोणाकडे आहे" हाच आहे. अशा अपघातांत गाडी चालवणारा बऱ्याचदा आई, बाबा, आजोबा असाच घरातला कोणीतरी असतो. आमच्याकडे एकच नियम, पोर कोणाच्या तरी कडेवर असलं आणि ते मला काचेतून दिसलं तरच किल्ली फिरवायची. "आत आहे" हे उत्तर चालत नाही. आधी टाटा, मग गाडी. सासूबाईंना सुरुवातीला फार अति वाटलं होतं, आता त्याच ओरडतात. दाराला वर कडी लावा, त्याचा हात पोचणार नाही अशी, आणि खेळणी तिथे ठेवूच नका.

चक्रम_चालक: येतानाच रिव्हर्स लावा, निघताना तोंड पुढे. मात्र उंच गाडीच्या बॉनेटपुढेही लहान मूल दिसत नाही, त्यामुळे गाडीभोवती एक फेरी मारायचीच. काचा खाली, गाणी बंद. आणि एकदा मुलाच्या उंचीची बादली किंवा स्टूल मागे ठेवून सीटवरून बघा, कुठपर्यंत गायब होतं ते.

नवखा_बाबा: केलं आत्ताच. दोन बादल्या उपड्या एकावर एक ठेवून बायको मागे मागे सरकवत होती, मी आरशात बघतोय. मला दिसल्या तेव्हा ती जवळजवळ गेटपाशी पोचली होती. कडी उद्याच लावतोय.