मदत हवी आहे : मण्यार चावलेल्या माणसाला ऐकू येतं, मग हलता का येत नाही?

नमस्कार. मी कोकणातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. चेतापेशीची आकृती काढून वृक्षिका, अक्षतंतू, संपर्कस्थान (एक चेतापेशी पुढच्या पेशीला भेटते ती जागा) समजावत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, माझ्या काकांना मण्यार चावली होती. ते मशीनवर होते, पापणीसुद्धा हलत नव्हती. पण बरे झाल्यावर म्हणाले, तुमचं सगळं बोलणं मला ऐकू येत होतं. मग त्यांच्या नसा बंद होत्या की चालू?"

तिला नीट उत्तर द्यायचं आहे. आवेग, म्हणजे चेतापेशीतला विजेचा निरोप, कसा धावतो ते मला सांगता येतं. शांत चेतापेशी आतून बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते, सोडियमची दारं उघडली की प्रभार क्षणभर उलटतो आणि ती लाट अक्षतंतूवरून पुढे जाते. मायलिनचं आवरण असलेल्या जाड तंतूंत तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातो. माझं अडतं ते तंतू संपतो तिथे. पुढच्या पेशीपर्यंत मध्ये फट आहे, मग वीज पलीकडे जाते कशी? आणि नागाच्या दंशात निओस्टिग्मीनचं इंजेक्शन उपयोगी पडतं, मण्यारीच्या दंशात सहसा नाही, असं वाचलं. लुळेपणा तर दोन्हींत येतो. मग फरक कुठे पडतो? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

प्रतिसाद

ताई, विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे. काकांच्या नसा चालू होत्या, निरोप स्नायूपाशी अडत होता.

वीज फट ओलांडत नाही. चेतातंतू आणि स्नायू यांच्यात साधारण ५० नॅनोमीटरची फट असते. आवेग टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरलं की टोकात साठवलेल्या सूक्ष्म पुटिका (पिशव्या) फुटून निरोप नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन फटीत सांडतं. एकेका पुटिकेत त्याचे हजारो रेणू असतात. ते स्नायूवरच्या रिसेप्टरना, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांना, चिकटतात, स्नायूत सोडियम शिरतं आणि तो आकुंचन पावतो. लगेच एक विकर (एन्झाइम) अ‍ॅसिटिलकोलीनचे तुकडे करून जागा मोकळी करतं. हे सगळं मिलिसेकंदांत उरकतं.

आता तुमचा फरक. नागाचं विष स्नायूच्या बाजूला काम करतं. ते रिसेप्टर अडवून बसतं, पण अ‍ॅसिटिलकोलीन सुटतच असतं. निओस्टिग्मीन त्या तुकडे करणाऱ्या विकराला रोखतं, त्यामुळे फटीत अ‍ॅसिटिलकोलीन साचतं आणि विषाशी झगडून काही रिसेप्टर मिळवतं. मण्यारीचं मुख्य विष चेतातंतूच्या बाजूचं. ते आधी पुटिका रिकाम्या करतं, मग तंतूचं टोकच नासवतं. सुटायलाच काही उरलं नाही, तर निओस्टिग्मीन वाचवणार काय? नवं टोक वाढेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, श्वास यंत्राने द्यावा लागतो. प्रतिविषही रक्तातलं मोकळं विष धरतं, नासलेलं टोक दुरुस्त करत नाही. म्हणून ते लवकर मिळणं एवढं महत्त्वाचं.

ऐकू का येतं, तर हे विष मेंदूत सहसा पोचत नाही. कानापासून मेंदूपर्यंतच्या संपर्कस्थानांना धक्का लागत नाही.

वर्गात ऑटो लोवी यांचा १९२१ चा प्रयोग जरूर सांगा. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं. निरोप रसायनातून जातो हे त्यातून दिसलं. ते रसायन म्हणजे हेच अ‍ॅसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. निओस्टिग्मीनसोबत अ‍ॅट्रोपिन का देतात, तेही इथेच कळतं. साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन हृदयालाही मंद करतं, अ‍ॅट्रोपिन ते टाळतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! दोन्ही बाजू वेगळ्या काढून दाखवल्यामुळे उलगडलं. आता मुलं विंचवाचं विचारणारच. लाल विंचू चावला की लुळेपणा येत नाही, उलट प्रचंड कळा, घाम, छातीत धडधड. तेही चेतासंस्थेवरचंच विष ना?

प्रतिसाद

हो, पण तिसऱ्याच ठिकाणी. विंचवाचं विष सोडियमची दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. चेता पुन्हा पुन्हा आवेग सोडत राहतात, अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन वापरून दाखवलं. नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या रिसेप्टरवर काम करतं, तेच हे औषध अडवतं. तुमच्या मुलांना ही त्यांच्याच मुलखातली गोष्ट कळायलाच हवी.

प्रतिसाद

ग्रामीण रुग्णालयात काम केलं आहे, म्हणून एवढंच जोडते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसेलच असंही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. मुलांना हा क्रम पाठ करून द्या. पापण्या मिटू लागल्या की कुणाकडे उतरवायला नेण्यात वेळ न घालवता सरळ व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं. आणि घरच्यांना हेही सांगा की अशा रुग्णाची बुबुळं कधीकधी विस्फारलेली राहतात, प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. तेवढ्यावरून "गेला" म्हणायचं नाही. श्वास थांबला तर वाटेत तोंडाने श्वास देत राहायचा, आणि त्याच्याशी बोलत राहायचं.