पेट्रोलचा भाव, गाडीचं ॲव्हरेज आणि आपण : तुमचे अनुभव

निशिगंध
काल सिग्नलला पुढे एक आजोबा जुन्या चेतकवर होते. स्कूटर बंद पडली तशी त्यांनी उतरून ती सरळ एका अंगावर आडवी केली, थोडा वेळ तशीच धरली, उभी केली आणि दुसऱ्या किकला चालू! मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला साताऱ्याची आमची चेतक आठवली.

१९९० साली आखातात गडबड झाली आणि पेट्रोलवर एकदम २५ टक्के अधिभार लागला. तेव्हापासून बाबांनी डिकीत एक वही ठेवली. दर वेळी रीडिंग, किती लिटर, काय भाव, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल किती. ॲव्हरेज घसरलं की वही घेऊन मेकॅनिककडे. कार्ब्युरेटर साफ, प्लग घासून परत. पुढे चेतक विकून १०० सीसीची फोर-स्ट्रोक बाइक घेतली तीही वहीतले आकडे बघूनच. आईला रंग आवडला नव्हता, पण लिटरमागचं अंतर जवळपास दुप्पट म्हटल्यावर ती काय बोलणार.

आपल्या घरातल्या गाड्या पेट्रोलच्या भावानेच ठरवल्यात असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

घाटवाट
टू-टीचा तो निळा धूर!! आमच्याकडे बजाजची दुचाकी, एम-८०. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मधे मी. पाचगणीवरून निघालं की आबा इंजिन बंद करायचे, पसरणीचा घाट उतरून वाई येईपर्यंत पेट्रोलचा थेंब खर्च नाही.

बाराचा_पाना
@घाटवाट, आता हे कुणी करू नका, कळकळीने सांगतो. गॅरेज आहे माझं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल आपोआप तुटतं. न्यूट्रलला टाकली तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. चारचाकी बंद करून सोडली तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. ॲव्हरेज पाहिजे ना? टायरची हवा बघत जा, एअर फिल्टर वेळेवर बदला, हायवेला ४५ ते ५५ च्या दरम्यान चालवा. साधे उपाय आहेत, पण कुणी करत नाही.

घाटवाट
आबा आता नाहीत, पण ऐकलं असतं त्यांनी तुमचं. गाडीवर जीव होता त्यांचा.

पूर्णाकाठ
परभणी. एवढं लिहिलं तरी कळलं असेल 😀 मे २०२१ मध्ये मुंबईत शंभरी झाली तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्याकडे त्याआधीच शंभर पार होतं. टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडीहून, त्याचं भाडं भावात लागतं. मी शाळेवर शिक्षिका, गाव आत आहे, बस नाही. आम्ही तिघी एका गाडीत जायला लागलो, पेट्रोल वाटून. त्यातली एक आता माझी विहीण आहे!

निशिगंध
@पूर्णाकाठ अगं हे सविस्तर लिही की!

बांदेकरीण
आमी बांद्याची माणसां. २०१२ मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा तिकडे लिटरमागे अकरा रुपये कमी झाले. मग काय, पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की पहिल्या पंपावर टाकी फुल! लग्नाचं आमंत्रण द्यायला जायचं असलं तरी आधी गोव्याच्या बाजूच्या घरांपासून सुरुवात. आमच्याकडचे पंपवाले मात्र हवालदिल, त्यांचं खरंच वाईट वाटायचं.

तांबडापांढरा
आमी अजून कोगनोळीला, कर्नाटकात, जातोय की. निपाणीत मावशी हाय, तिला भेटून येताना टाकी भरायची. मावशी म्हणती पेट्रोलसाठी का हुईना, येतोस तरी.

शेतातलाघर
डिझेलवाल्यांनी पण लिहा. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलमध्ये पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, सगळं गाव डिझेल गाड्या घेत होतं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेले, ऑक्टोबर २०१४ ला सरकारने भाव मोकळा केला. फरक कमी झाला, पण हप्ते चालूच. माझी गाडी शेत-बाजार-नगर अशी भरपूर पळते म्हणून परवडली. भावाची गावातल्या गावात, त्याला नाही परवडली. नव्या प्रदूषण नियमांची (बीएस-६) डिझेल गाडी तर गावात हळूहळू चालवून धुरातली काजळी अडवणारा फिल्टर चोंदतो. रनिंग बघूनच घ्या.

ठाण्याची_मीना
आमचे हे रिक्षा चालवतात. एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्के केला, मुंबई-ठाण्यात किलोमागे सहा रुपये उतरले. ६० चा भाव बघून मी देवापुढे साखर ठेवली होती. ऑगस्टमध्ये तोच ८६. मीटर २१ चं २३ झालं ऑक्टोबरला, म्हणजे मधले महिने घरातूनच गेले. शिवाय पंपावरची रांग. रात्री जेवून गॅस भरायला जायचे, मी दाराची कडी न लावता झोपायचे. लोक म्हणतात रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात. सगळे तसे नसतात हो. भाकरी ठेवलीये तव्यावर, नंतर लिहिते.

निशिगंध
मीनाताई, नक्की लिहा. वाट बघते.

अबोली_ट
ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, कुणी बोललं नाही? माझी स्कूटर २०१६ ची, ॲव्हरेज कमी झालंय हे नक्की.

बाराचा_पाना
होणारच थोडं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते. ई-२० साठी न बनवलेल्या गाडीला जास्त फरक. जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील तपासून घ्या. खूप दिवस उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

शेतातलाघर
पण त्या इथेनॉलवर आमच्या उसाचं बिल निघतं, तेही लक्षात घ्या ताई.

अबोली_ट
हो दादा, ते मान्यच. फक्त भाव तरी कमी ठेवावा ना मग.

जर्सीतली_जाई
इकडे जून २०२२ ला अमेरिकेत सरासरी गॅलनला पाच डॉलर पार गेलं होतं. आमच्या न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी, पंपावरचा माणूसच भरतो, त्यामुळे आई आली की तिला अगदी घरच्यासारखं वाटतं. तेव्हाच हायब्रिड घेतली, शहरातल्या थांब-चालला फार छान देते.

रेवती_शिरवळ
मी स्कूटीच ठेवून दिली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट, पुण्याला नोकरी, सरळ एसटी. पेट्रोलचे पैसे वाचले, पाठदुखी गेली, आणि खिडकीत बसून मटार सोलून होतात.

अबोली_ट
मी पण त्याच रस्त्याची! सकाळची कुठली धरतेस? शिरवळला सगळ्या थांबत नाहीत ना?

रेवती_शिरवळ
साडेसहाची साधी थांबते. सातची विनाथांबा, तिच्या नादी लागू नकोस. मी पुढच्या दारापाशी असते, हाक मार.