कोरियन कादंबरी: घरातली बाई आणि रस्त्यावरचं लष्कर

कोपरखळी
चो नाम-जूची 'किम जी-यंग, बॉर्न १९८२' वाचून वैतागलो. शाळा, नोकरी, लग्न, बाळ, मग नोकरीवर पाणी. मध्येच तळटीपा आणि आकडेवारी. ही कादंबरी की अहवाल? याउलट हान कांगची 'ह्यूमन ॲक्ट्स' घ्या. मे १९८०, दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर, लष्कराने गोळ्या घालून मारलेल्यांच्या प्रेतांची व्यवस्था बघणारा कोवळा दोंग-हो. दडपशाहीवर साहित्य होतं, स्त्री-पुरुष भेदावर प्रचारपत्रक. आता तुटून पडा.

रिकामटेकडी
पडतेच! बाई स्वतःचं सांगायला लागली की 'तुझं आपलं काहीतरीच' होतं, म्हणून तळटीपा. आणि शेवट विसरलात? (न वाचलेल्यांनी पुढचं वाक्य गाळा.) निवेदक निघतो तिचा डॉक्टर; एवढी सहानुभूती दाखवून झाल्यावर हा गृहस्थ ठरवतो की दवाखान्यातल्या रिकाम्या जागेवर आता अविवाहित मुलगीच घ्यायची. अहवालात असला डंख असतो? २०१८मध्ये रेड व्हेल्वेट या कोरियन पॉप बँडच्या आयरीनने 'वाचली' एवढंच म्हटलं, तर काही चाहत्यांनी तिचे फोटो जाळले. पत्रकाने कोणी इतकं पिसाळत नाही.

चहाटोस्ट
फोटो जाळणं मूर्खपणा. पण सक्तीची लष्करसेवा तिथे फक्त पुरुषांना, दीडेक वर्षं. त्याचं काय? जी-यंगचा नवरा बिचारा 'मी मदत करेन' म्हणतो, तर तोही गुन्हा.

रिकामटेकडी
घर त्याचं, पोर त्याचं, मदत कसली? तीही हेच विचारते.

उंबरठा
मुळात हे दोन खण पाडलेत कोणी? हान कांगच्याच 'द व्हेजिटेरियन'मध्ये मांस सोडलेल्या यंग-ह्येला थोबाडीत मारून तिच्या तोंडात मांस कोंबणारा बाप व्हिएतनाम युद्धातला पदकविजेता आहे. दक्षिण कोरियाने तिथे तीन लाखांहून जास्त सैनिक पाठवले होते. परत आलेल्यांपैकी एकाच्या घरी जेवणाच्या टेबलावर काय चालतं, ते ती दाखवते. 'ह्यूमन ॲक्ट्स'मध्येही सात थपडा कोणाला बसतात? अनुवादकाचा पत्ता न सांगणाऱ्या संपादक बाईला. युनियनच्या गिरणी कामगार पोरी पोलिसांपुढे कपडे उतरवतात, उघड्या अंगाला तरी हात लावणार नाहीत या आशेने. पोलीस लावतात. १९७६मध्ये इंचॉनच्या दोंगिल कापड गिरणीत हे खरंच घडलं.

कोपरखळी
म्हणजे माझंच म्हणणं! बापाचं पदक हान कांग ओझरतं सांगते, आकडे तोंडावर फेकत नाही.

उंबरठा
तिची रीत ती, हिची ही. महिला-कुटुंब मंत्रालय बंद करतो म्हणत २०२२ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवली यून सक-योल यांनी. ३ डिसेंबर २०२४ला लष्करी कायदा पुकारला तोही त्यांनीच, हान कांग नोबेल घ्यायला निघाली त्याच आठवड्यात.

चहाटोस्ट
त्यांना विशीतल्या मुलग्यांनी भरभरून मतं दिली होती. त्या पोरांचं कुठे बिनसलं हे आतून सांगणारी कोरियन कादंबरी असेल तर नाव द्या. तळटीपांसकट वाचतो.