नवशिक्या मधपाळांना दोन दिवसांत नेमके काय शिकवावे?

प्रश्न
गेली काही वर्षे मी नव्याने मधमाशीपालन सुरू करणाऱ्यांना शिकवतो आहे. आमचा वर्ग दोन दिवसांचा असतो. पहिल्या दिवशी माशीचे जीवनचक्र, साहित्य आणि रोग यांची माहिती देतो आणि दुसऱ्या दिवशी एक पेटी उघडून दाखवतो. शिकणारे समाधानाने परततात, पण पुढच्या हंगामापर्यंत अनेकांच्या पेट्या रिकाम्या झालेल्या असतात. राणीकोष (नवी राणी वाढवण्यासाठी माश्यांनी बांधलेली खास घरे) दिसले की माश्यांचा थवा उडून जातो, एवढे आमच्याच वर्गात ऐकलेल्या एकाने ते सारे कोष मोडून टाकले. त्याची राणी आधीच नाहीशी झालेली होती, त्यामुळे वसाहतीला सावरण्याचा मार्गच उरला नाही. हे माझ्या मनाला फार लागले आहे. शिकवण्याच्या पद्धतीत आपण काय बदल कराल?

प्रतिसाद १
एकच पेटी पुन्हापुन्हा उघडायला मिळाल्याशिवाय चौकट, म्हणजे पेटीतले पोळे धरून ठेवणारा लाकडी सांगाडा, वाचता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी वर्गाच्या तीन भेटींचे दिवस माशीच्या वाढीवरून ठरवतो. पहिल्या भेटीत प्रत्येकाने ऊन पाठीशी घेऊन चौकट तिरपी धरायची आणि पोळ्यातील घरांच्या तळाशी अंडी शोधायची. ताजे अंडे बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखे उभे असते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत आडवे होते, त्यामुळे अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती, हे राणी न शोधताही कळते. त्या भागावर वरच्या पट्टीवर खूण करून ठेवायची. साधारण नऊ दिवसांनी तीच घरे मेणाच्या टोपणाने बंद झालेली दिसतात आणि तीन आठवड्यांनी तेथून कामकरी माश्या बाहेर पडलेल्या असतात. फळ्यावर लिहिलेला 21 दिवसांचा आकडा विसरला जातो, पण स्वतः खूण केलेली घरे कोणी विसरत नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे. माझी एक कळकळीची विनंती अशी की, चौकट शिकणाऱ्याच्याच हातात द्यावी आणि शिकवणाऱ्याने आपले हात मागे बांधून उभे राहावे. कडेची चौकट आधी काढून मोकळी जागा करणे, चौकट पेटीच्या वरच धरणे, धुराचा झोत आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन तो गार आहे ना हे पाहणे, या गोष्टी नुसत्या पाहून अंगवळणी पडत नाहीत. डंख झाल्यास काटा लगेच खरवडून काढायचा आणि त्या जागी धूर द्यायचा, कारण डंखाचा वास इतर माश्यांना चिथावतो. श्वास लागणे किंवा अंगभर गांधी उठणे असे दिसल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचे, हे पेटी उघडण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

प्रश्नकर्ता
तीन भेटींची कल्पना मनापासून पटली. मात्र अंडी दिसत नसताना काय करावे, हे नवख्याला कसे शिकवावे?

प्रतिसाद १
त्याला आधी थांबायला शिकवावे. अंड्यापासून राणी तयार व्हायला सुमारे 16 दिवस लागतात, पुढे तिचे मीलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत आणखी काही दिवस जातात, त्यामुळे मध्येच अंडी नसलेला काळ येणे स्वाभाविक आहे. तरीही शंका राहिली, तर दुसऱ्या निरोगी पेटीतील ताजी अंडी व कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, तिच्यावर राणी नाही याची खात्री करून, या पेटीत द्यावी. काही दिवसांत माश्यांनी तिच्यावर राणीकोष बांधायला घेतले, तर पेटीत राणी नाही असे समजावे आणि ते कोष मुळीच मोडू नयेत. ही चाचणी प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या हातांनी करून पाहावी.