एचटीएमएलमधून फक्त पीडीएफचे दुवे रेगेक्सने कसे काढावेत?

प्रश्न
पायथनमध्ये एका पानाच्या एचटीएमएलमधून केवळ पीडीएफ फायलींचे दुवे मला रेगेक्सने, म्हणजे मजकुरातला ठराविक नमुना शोधणाऱ्या सूत्राने, हवे आहेत. एचरेफच्या (टॅगमध्ये दुव्याचा पत्ता जिथे असतो त्या गुणधर्माच्या) अवतरणचिन्हांत `(.*)` लिहिले, तर संपूर्ण पान एकाच ओळीत असल्यामुळे पहिल्या दुव्यापासून शेवटच्या पीडीएफपर्यंतचा सगळा मजकूर एकत्र येतो. `(.*?)` करूनही मधले नको असलेले दुवे येतातच.

उत्तर १
`.*` अधाशी असतो, म्हणजे शक्य तितका लांब मजकूर पकडतो. `?` लावल्याने तो लवकर थांबू पाहतो, पण पीडीएफ हा शेवट सापडेपर्यंत वाटेतली अवतरणचिन्हे ओलांडण्यास त्याला कोणतीच आडकाठी नसते, म्हणून `[^"]*` (अवतरणचिन्ह सोडून कोणतीही अक्षरे) वापरावे, म्हणजे जुळणी एकाच दुव्याच्या आत राहील. पीडीएफआधीचे टिंब `\.` असे लिहा, नाहीतर तिथे कोणतेही अक्षर चालेल.

उत्तर २
हे ओळखीच्या पानापुरते ठीक आहे. मात्र एचटीएमएलमध्ये एचरेफची किंमत एकेरी अवतरणात किंवा अवतरणाविनाही लिहिता येते, आणि टिप्पणीत दडलेला जुना दुवाही रेगेक्स मुकाट्याने उचलतो. त्यामुळे टॅग ब्यूटिफुल सूप या एचटीएमएल वाचणाऱ्या पायथन लायब्ररीने काढून रेगेक्स फक्त एचरेफच्या किमतीवर चालवणे मला अधिक भरवशाचे वाटते. सापेक्ष, म्हणजे अर्धवट पत्त्याचे, दुवे पायथनच्या यूआरएलजॉइन या फंक्शनने पूर्ण करून घ्यावेत.

प्रश्नकर्ता
`[^"]*` ने नेमके दुवे आले, आभारी आहे. परंतु ज्या पत्त्यांच्या शेवटी `?` आणि आवृत्तीक्रमांक आहे, ते सुटतात.

उत्तर १
पीडीएफनंतर `(?:\?[^"]*)?` जोडा. `?:` नसलेला साधा कंस दिल्यास तोही वेगळा गट धरला जातो आणि फाइंडऑल (सगळ्या जुळण्या देणारे पायथनचे फंक्शन) दोन गटांच्या जोड्या परत देईल.