मदत हवी आहे: भाऊ कोर्टात बेलिफ आहे, सस्पेंड झालाय आणि दोषारोपपत्र घ्यायलाच तयार नाही

नमस्कार मंडळी, लहान भावाबद्दल विचारायचंय. तो एका तालुका कोर्टात बेलिफ आहे. समन्स बजवायला जातो म्हणून बाहेर पडायचा आणि नाझरसाहेबांना (बेलिफांचे कोर्टातले वरिष्ठ) न सांगता सरळ घरी, असे बरेच दिवस निघालेत, हजेरीपटावर सही आहे पण समन्स तसेच परत. त्यात एका रविवारी दारू पिऊन बिल्डिंगमध्ये शेजाऱ्याशी भांडला, घाण शिवीगाळ केली, शेजाऱ्याने पोलिसात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली आणि जिल्हा न्यायाधीशांकडेही अर्ज टाकला. आता निलंबन झालंय आणि दोषारोपपत्र, म्हणजे खातेनिहाय चौकशीसाठी आरोपांचा कागद, निघालंय, त्यात दोन्ही गोष्टी आहेत, सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमातला नियम ३ लावलाय.

हा म्हणतो सुट्टीच्या दिवशी मी घरी काय करतो त्याच्याशी ऑफिसचा काय संबंध, मी कागद घेणारच नाही. मला ते अजिबात पटत नाही, गावात लोक त्याला कोर्टाचा माणूस म्हणूनच ओळखतात. शिक्षा व्हावी, पण नोकरी जाऊ नये हो, भावजय आणि पोरं त्याच्याच पगारावर आहेत. निलंबनाच्या काळात मिळतो तो निर्वाह भत्ताही सुरू झालेला नाही. सध्या तो इकडे आमच्याकडे गावी येऊन राहिलाय. ९० दिवसांनी सस्पेन्शन आपोआप उठतं का? वकील लावू का? की मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं? कोर्टात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी कोर्टात शिरस्तेदार (कचेरीचा मुख्य कारकून) म्हणून रिटायर झालो, अशा चौकश्या जवळून बघितल्यात. सगळ्यात आधी त्याला परत पाठवा. निलंबनाच्या आदेशात मुख्यालय, म्हणजे त्या काळात राहायचं ठिकाण, लिहिलेलं असतं, ते परवानगीशिवाय सोडलं की तिसरा आरोप तयार. आणि कागद नाकारून काही थांबत नाही, चौकशी एकतर्फी चालते आणि मग त्याची बाजू रेकॉर्डवर येतच नाही.

नियम ३ ड्युटीपुरता नाही, न शोभणारं वर्तन घरचंही धरतात. पण दोन्ही आरोपांना एकच उत्तर देऊ नका. गैरहजेरी कागदावर दिसतेच आहे, ती नाकारून उपयोग नाही, आजारपण वगैरे काही खरं कारण असेल तर पुराव्यासकट लिहा. भांडणाचं मात्र शेजाऱ्याला साक्षीला यावं लागेल, तिथे उलटतपासणीचा हक्क आहे. शिक्षा ठपका, वेतनवाढ रोखणे इथपासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकते, म्हणून आधीची सर्व्हिस स्वच्छ असेल तर ते जरूर मांडा.

९० दिवसांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे तो मुदतीत दोषारोपपत्र न देण्याबद्दल, तुमच्या केसमध्ये ते निघालंय, त्यामुळे आपोआप काही उठणार नाही, आढाव्यासाठी अर्ज करता येतो. भत्त्यासाठी दुसरीकडे नोकरीधंदा करत नाही असं प्रमाणपत्र द्यावं लागतं, बहुतेक तेच अडकलं असेल. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेएवढा पगार आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. वकील सहसा चालत नाही, सादरकर्ता अधिकारी (चौकशीत खात्याची बाजू मांडणारा) वकील असेल किंवा साहेबांनी परवानगी दिली तरच, नाहीतर बचावाला दुसरा सरकारी कर्मचारी घ्यायचा. आणि मॅट विसरा, कोर्टाचे कर्मचारी तिच्या कक्षेतच येत नाहीत, शिक्षेवर अपील हायकोर्टाकडे करायचं.

धाग्याकर्ती:
काका खूप खूप आभार, मुख्यालयाचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, गप्प बसून ऐकलं त्याने. उद्या पहिल्या एसटीने जाऊन आधी दोषारोपपत्र घेणार आहे. चौकशी अहवाल आला की त्याची प्रत आपल्याला देतात का, की ती मागावी लागते?

प्रतिसाद:
द्यावीच लागते, सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा तसा निकाल आहे. त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळाल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. उत्तराचा मसुदा झाला की नावं काढून इथे टाका, बघून देतो.